पोटाचं दुखणं अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, वय वाढलं की काही जणींच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक फुगे येतात. नुसत्या फुग्यांचा बहुधा त्रास होत नाही. पण त्यांना सूज आली की ओटीपोटात, बऱ्याचदा डाव्या बाजूला, सतत दुखतं आणि तापही येतो. याला डॉक्टर ‘डायव्हर्टिक्युलायटिस’ म्हणतात.

अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून एरंडेल घेऊ नका, मनाने दुखण्याची गोळीही नको. आधी दवाखाना गाठा. दुखणं वाढलं, उलट्या थांबेनात किंवा शौचातून रक्त गेलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

दुखत असताना : डॉक्टर सांगतील तसं एक-दोन दिवस भाताची निवळ, डाळीचं वरचं पाणी, साखर-मीठ पाणी. उतार पडला की मऊ भात, मुगाचं वरण, ताक. भाकरी, उसळ, कच्ची कोशिंबीर तेवढे दिवस बाजूला ठेवा.

बरं झाल्यावर : आता उलट करायचं. ज्वारी-नाचणीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, पेरू हळूहळू वाढवा. चोथा पोटात गेला की शौच मऊ होतं, कुंथावं लागत नाही. तीळ-शेंगदाणे बंद करायची गरज नसते.

चोथ्याला पाणी लागतंच. शेतात आडोसा नाही म्हणून आपण पाणी कमी पितो, तिथेच चुकतं. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी प्या. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेल्या भातावर भागवू नका. भाजी आपल्याही ताटात वाढून घ्या.