‘टोळी आली आहे’ असं कोण म्हणतं?

आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं मारून टाकलं. पाचही निरपराध होते. मोबाईलवरून तशा अफवा तेव्हा फिरत होत्या.

असा एखादा निरोप आई-बाबांसोबत नीट वाचून पाहा बरं. ‘टोळी आली आहे’. कुठे, कधी, कुणी पाहिली? पत्ताच नाही. ‘आपली लेकरं सांभाळा’ म्हटलं, की आईच्या पोटात गोळा येतो. मग विचार कोण करतं? आणि शेवटी ‘लगेच पुढे पाठवा’, म्हणजे शहानिशा करायला सवडच नको! (मला तर ही ओळ दिसली, की आधी शंकाच येते.)

त्या वर्षी देशभर एक चित्रफीतही फिरली. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतलं मूल उचलून नेतात. ती होती कराचीतली, एका संस्थेनं पालकांना सावध करायला मुद्दाम बनवलेली. मूळ फितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापला होता.