दिवा रोपाला काय देतो?

मागच्या व्याख्यानानंतर इंदापूरकडच्या एका श्रोत्यांनी मला एक कोडं घातलं होतं. आज त्याच्यावरच बोलू या, कारण ते दिसतं तेवढं साधं नाही.

त्यांचं म्हणणं असं. घरात एलईडी आले, तेव्हा काढून ठेवलेले सीएफएल दिवे खोकाभर पडून होते. मुलाचा बारामतीत फ्लॅट आहे, तिथे मागच्या खोलीत ऊन येत नाही. त्यानं एका ट्रेमध्ये कोथिंबीर पेरली आणि वर चार सीएफएल टांगले. कोथिंबीर उगवली, पण दोऱ्यासारखी लांब झाली आणि आठवड्यात लोळली. आणि इकडे गावात, त्यांच्या शेजाऱ्याच्या ड्रॅगन फ्रूटच्या बागेत, रात्री तसेच दिवे लावतात, तर ज्या दिवसांत फूल यायला नको त्या दिवसांत कळ्या धरतात. "सर, जो दिवा वीतभर कोथिंबीर पोसू शकत नाही, तो अख्ख्या बागेला फूल कसं आणतो? मुलगा म्हणतोय अजून दहा दिवे आणू. आणू का?"

प्रश्न पैशाचा आहे, म्हणून आधी हिशेब.

23 वॅटचा सीएफएल साधारण 1400 ल्यूमेन प्रकाश देतो. हा प्रकाश चारी दिशांना पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. उघड्या दिव्यापासून एक मीटरवर जेमतेम 110 लक्स मिळतात. एका फुटावर 1200च्या आसपास. अर्ध्या फुटावर पाच हजाराच्या घरात. आता बाहेर या. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी उन्हात एक लाख लक्स असतात. कोथिंबिरीसारख्या पालेभाजीला नीट वाढायला दहा-पंधरा हजार लक्स, तेही रोज बारा-चौदा तास, लागतात. चार दिवे फूटभर उंचीवर टांगले, तर सगळे मिळून पाच हजाराच्याही आत. म्हणजे ते पोर उपाशी होतं. उजेड कमी पडला की रोप तो शोधायला उंच धावतं, अंगात काही नसताना धावतं, म्हणून लोळतं.

इथे एक गंमत आहे, ती सांगून पुढे जातो. ल्यूमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी शिवलेली आहेत. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला सगळ्यात जास्त संवेदनशील, म्हणून त्या रंगाला या मापात जास्त गुण मिळतात. सीएफएलच्या आत पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि काचेवरचा पांढरा लेप त्यांचं दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करतो. तो लेप आपल्या डोळ्याला उजळ वाटेल असा जमवलेला असतो. पान मात्र प्रकाशाचे कण मोजतं, डोळ्याचे गुण मोजत नाही. आणि आपला डोळा फार उदार आहे. पन्नास हजार लक्सातून पाचशे लक्साच्या खोलीत आलात, तरी मिनिटभरात म्हणता, "चांगला उजेड आहे की!" तुमच्या डोळ्याची ही सवय रोपाला भोवते.

मग कोणी म्हणेल, टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत तर केळीची रोपं ट्यूबलाइटखालीच वाढतात. आपल्या भागात टिश्यू कल्चरची केळी लावणारे पुष्कळ आहेत, त्यांना ते रॅक माहीत असतील. दोन-तीन हजार लक्स तिथे पुरतात. पण त्या बाटलीतल्या माध्यमात साखर घातलेली असते! रोपाचं जेवण बाटलीतून येतं, प्रकाश नावापुरता. तेच रोप बाहेर काढलं की त्याला शेडनेटमध्ये हळूहळू कमावायला शिकवावं लागतं.

आता कोड्याचा दुसरा अर्धा भाग. शेजाऱ्याच्या बागेत दिवा जेवण देतच नाही. तो निरोप देतो.

हे लोकांच्या ध्यानात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेत मेरिलँड मॅमथ नावाचा तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात शेतात तो वाढतच राहायचा, फुलायचा नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र फुलायचा. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी काय केलं, तर उन्हाळ्यात ती रोपं रोज ठरावीक तास अंधाऱ्या खोपटात ठेवली. दिवस लहान केला, आणि तंबाखू फुलला. 1920 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मग झाडांचे वर्ग पडले: लहान दिवसाची, मोठ्या दिवसाची.

पण नाव चुकलं होतं. 1938मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग केले. त्याची काटेरी फळं कपड्याला चिकटतात, ते तण. दिवसात मध्येच अंधार केला, तर त्याला काहीच फरक पडेना. पण लांब रात्रीच्या मध्यावर अगदी थोडा वेळ दिवा लावला, तर फूल यायचं थांबलं. म्हणजे झाड दिवस मोजत नव्हतं, सलग अंधार मोजत होतं. आपण मात्र शंभर वर्षं 'लहान दिवसाचं झाड' असंच म्हणत आलो आहोत. नाव एकदा पडलं की निघत नाही, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला नवं नाही.

तुम्हाला याचा दाखला दूर शोधायला नको. उसाचा तुरा घ्या. ऑगस्ट संपताना आपल्याकडे दिवस साडेबारा तासांवर येतो आणि पुरेसा वाढलेला ऊस तिथे ठरवतो की आता फुलायचं. तुरा आपल्याला दिसतो नोव्हेंबरच्या आसपास, पण निर्णय तेव्हाच झालेला असतो. शेवंतीचंही तसंच. रात्री लांबल्या की कळ्या. म्हणून पॉलिहाउसवाले सुरुवातीचे काही आठवडे मध्यरात्री, दहा ते दोनच्या सुमारास, दिवे लावतात. रात्रीचे दोन तुकडे होतात, दोन्ही लहान. शेवंती समजते अजून उन्हाळा आहे, आणि दांडा लांब होतो. या कामाला जुन्या शिफारशीप्रमाणे शंभर लक्स पुरतात. शंभर! कोथिंबिरीला दहा हजार, निरोपाला शंभर.

एवढा कमी उजेड का पुरतो? पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, आणि लालच्याही पलीकडचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा दूर-लाल प्रकाश पडला की परत पहिल्या रूपात. दाराच्या कडीसारखं. 1952 साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर लाल, दूर-लाल, पुन्हा लाल असे आळीपाळीने झोत टाकले. शेवटचा झोत लाल असेल तर बी रुजायचं, दूर-लाल असेल तर बहुतेक बिया पडून राहायच्या. कडी सरकवायला ताकद लागत नाही. सीएफएलच्या प्रकाशात लाल-नारिंगी भाग चांगला असतो, तो कडी सरकवतो. दूर-लाल मात्र त्यात फारच थोडा, म्हणून ज्या काही फुलझाडांना दोन्ही लागतात, ती नुसत्या सीएफएलवर उशिरा फुलतात. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये दोन्ही होतं, पण तो वीज खाऊन मुख्यतः उष्णताच द्यायचा.

ड्रॅगन फ्रूट शेवंतीच्या उलट आहे. ते निवडुंगाच्या कुळातलं, लहान रात्रीत फुलणारं. बारामतीच्या अक्षांशावर जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जवळ जातो, डिसेंबरात तो अकरावर येतो. ऑक्टोबरपासून रात्र मोठी होत जाते आणि हळूहळू बहर आटोपतो. तेव्हा रात्री चार-पाच तास दिवे लावले, की झाडाला वाटतं अजून जूनच आहे. व्हिएतनामच्या बिन्ह थुआन भागात हे कित्येक वर्षं चालू आहे. तिथे आधी साठ वॅटचे बल्ब होते, मग वीस वॅटचे सीएफएल आले. आता तिथेही आणि इथेही एलईडीचा जमाना. बिगरहंगामी फळाला भाव मिळतो, सगळं त्याच्यासाठी. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं खडकाळ मुरमाड जमिनीसाठी या पिकावर बरंच काम केलं आहे. ज्यांना लागवड करायची, त्यांनी तिकडे जरूर चक्कर मारावी.

न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचं लिंग, म्हणजे खूण. धूर पाहून अग्नीचं अनुमान करायचं. झाडाच्या लेखी लहान रात्र ही उन्हाळ्याची खूण. आपण दिवा लावून खोटी खूण उभी करतो, म्हणजे झाडाला हेत्वाभासात पाडतो. पण हेत्वाभासाचा एक प्रकार आहे 'बाधित': अनुमान काहीही सांगो, प्रत्यक्ष त्याच्या विरुद्ध उभं राहतं. अग्नी थंड आहे असं कोणी तर्कानं सिद्ध केलं, तरी हात लावला की कळतंच. डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंडी पडली, की दिवा कितीही सांगो, झाडाचा विश्वास बसत नाही. कळ्या कमी धरतात किंवा गळतात. थंडी सरू लागल्यावर लावलेला दिवा जास्त कामाला येतो. आणि लाइट सलग काही रात्री गेली, तर केलेलं बरंचसं वाया जातं. उघड्या बागेत सीएफएलचा चोक दमटपणानं लवकर जळतो, हेही धरा.

आता विजेचं. बागेतला वीस वॅटचा दिवा रात्री चार तास म्हणजे 0.08 युनिट, असे शंभर दिवे म्हणजे आठ युनिट. मुलाच्या खोलीतले चार दिवे रोज सोळा तास लावले, तर महिन्याला 44 युनिट. एका ट्रे कोथिंबिरीसाठी! आपल्या बिलातला दर लावून बघा, आणि मंडईतली जुडी कितीला मिळते तेही बघा.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर: अजून दहा दिवे आणू नका. मुलाला हौस असेल तर ट्रे गॅलरीत ठेवू दे. आतच ठेवायचा असेल तर मेथी किंवा मोहरी दाट पेरावी, दिवे रोपांच्या वर चार-पाच इंचावर आणावेत, मागे पांढरा पुठ्ठा लावावा, आणि आठ-दहा दिवसांत, बियातली शिदोरी संपायच्या आत, कोवळी कापून खावी. तेवढ्याला ते दिवे पुरतील.

आणि तो खोका कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. प्रत्येक दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. 2016च्या नियमांपासून हे दिवे ई-कचऱ्यात मोडतात, तेव्हा ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या. एखादा फुटला तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबा. केरसुणी फिरवू नका. तुकडे जाड कागदानं उचला, बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपा, आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा.