पायातले जादा हाड आणि खेळाडूचे दुखणे

लखनौ : घोट्याच्या आतील बाजूस, थोडे खाली आणि पुढे, पावलाच्या कमानीवर एक टणक उंचवटा दिसतो. धावताना तो दुखतो, बूट घासून तेथील त्वचा लाल होते. पाय मुरगळला असेल असे समजून आठ दिवस बर्फ लावला जातो आणि मुलगा पुन्हा मैदानावर उतरतो. दुखणे मात्र तसेच राहते. किशोरवयीन खेळाडूंच्या अशा तक्रारीमागे कित्येकदा जन्मजात अतिरिक्त हाड असते.

पावलात साधारणपणे २६ हाडे मोजली जातात. काही हाडे वाढीच्या वयात एकाहून अधिक केंद्रांपासून तयार होतात आणि पुढे सांधली जातात. एखादे केंद्र मूळ हाडाशी एकजीव न होता सुटे राहिले, तर ते अतिरिक्त हाड ठरते. नौकाकृती हाडालगतचे असे हाड सुमारे दहा टक्के लोकांत आढळते. त्यांपैकी बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

मग खेळाडूलाच ते का छळते? नडगीमागून उतरणारी आणि पावलाची कमान उचलून धरणारी कंडरा याच जागी येऊन रुजते. अतिरिक्त हाड मूळ हाडाशी कूर्चेच्या पातळ पट्टीने जोडलेले असेल, तर प्रत्येक उडीत आणि वळणात कंडरेचा हिसका त्या पट्टीवर बसतो. पट्टी हळूहळू दुखावते, सुजते. ते हाड कंडरेत सुटे रुतलेले असेल किंवा मूळ हाडाशी पूर्ण जुळलेले असेल, तर असा त्रास क्वचितच होतो. दुखणे बहुधा दहा ते पंधरा या वयात डोके वर काढते, आणि मुलींत त्याचे प्रमाण अधिक असते.

लखनौसारख्या शहरात या वयाला विशेष अर्थ आहे. येथील गुरू गोविंद सिंग क्रीडा महाविद्यालयात, जेथे क्रिकेटपटू सुरेश रैना घडला, मुले कोवळ्या वयातच वसतिगृहात दाखल होतात. हाडे सांधण्याचा काळ आणि सरावाचा वाढता भार एकाच वेळी येतात. निवड हुकेल या धास्तीने दुखणे लपवणारी मुले कोणत्याही मैदानावर भेटतात, आणि उपचारातील खरा विलंब तेथूनच सुरू होतो.

दुसरे उपद्रवी हाड घोट्याच्या मागे असते. पाऊल ताणून खाली झुकवले की ते नडगी आणि टाचेच्या हाडांमध्ये चिमटते. चेंडूला जोरदार लाथ मारणारे फुटबॉलपटू, वेगवान गोलंदाज आणि चवड्याच्या टोकावर उभ्या राहणाऱ्या बॅले नर्तिका यांना हा त्रास प्रामुख्याने होतो. लखनौ घराण्याच्या कथकात तत्काराच्या वेळी तळवा सपाट पडतो. त्यात हा चिमटा तसा बसत नाही.

अंगठ्याखालच्या मण्यांसारख्या दोन हाडांची कथा थोडी निराळी. त्यांना सेसमॉइड म्हणतात. ती अतिरिक्त नव्हेत, जवळजवळ सर्वांनाच असतात. जानेवारी १९९४ मध्ये लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्ध १४२ धावा करणाऱ्या सचिन तेंडुलकरला २००१ मध्ये उजव्या पायाच्या याच हाडाच्या दुखापतीने श्रीलंका दौऱ्याला मुकावे लागले. पदार्पणापासून सलग ८४ कसोटी सामने खेळल्यानंतर पडलेला तो पहिला खंड होता. काही लोकांत मात्र हे इवलेसे हाड जन्मतःच दोन तुकड्यांचे असते आणि क्ष-किरण चित्रात ते मोडल्यासारखे दिसते.

येथेच वैद्याची कसोटी लागते. ताज्या अस्थिभंगाच्या कडा दातेरी असतात, तर जन्मजात सुट्या हाडाच्या कडा गोलसर व गुळगुळीत. दुसऱ्या पायाचे चित्र काढल्यास पुष्कळदा तेथेही तसेच हाड सापडते. तरीही चित्रात हाड दिसले म्हणून तेच दोषी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. बोटाने दाबल्यावर नेमके तेथेच दुखते का, हे पाहावे लागते. संशय उरल्यास एमआरआय तपासणीत त्या भागातील सूज दिसू शकते.

उपचाराची सुरुवात विश्रांतीने होते. काही आठवडे उड्या व धावणे बंद, गरजेनुसार प्लास्टर किंवा आधाराचा बूट, पुढे कमानीला आधार देणारा तळ आणि पोटरी व पावलाचे व्यायाम. बहुसंख्य खेळाडू एवढ्याने बरे होतात. अनेक महिने उलटूनही त्रास राहिला तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. नौकाकृती हाडालगतचे जादा हाड काढून कंडरा पुन्हा बसवण्याची पद्धत किडनर या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९२९ मध्ये मांडली. त्यानंतर मैदानावर परतण्यास काही महिने लागतात. निवड चाचणी तोंडावर असलेल्या मुलाच्या पालकांना हा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितला गेला पाहिजे.