कॉइल खरोखर जळाली आहे का?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान असलेल्या कळंब परिसरात गळीत हंगामात पारगावच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरची चाहूल कधी कधी इंजिनाच्या आधी वूफरच्या दणदणाटाने लागते. हा दणदणाट अचानक थांबला किंवा आवाज फाटू लागला, की 'कॉइल जळाली' असा निकाल देऊन नवा वूफर घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा वायरीत, फ्यूजमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतो.

असा वूफर, म्हणजेच सबवूफर, हा साधारण २० ते १०० हर्ट्झ, म्हणजेच सेकंदाला तितकी कंपने, एवढ्या खालच्या पट्टीतील ध्वनी निर्माण करणारा मोठा ध्वनिवर्धक होय. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली पुढे-मागे सरकणाऱ्या कॉइलची रचनाच त्यात आजही वापरली जाते. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, तरंगत असते. त्यातून बदलता प्रवाह वाहिला की ते पुढे-मागे सरकते आणि त्याला चिकटवलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा ढकलतो. वूफरला मिळणाऱ्या विजेपैकी जेमतेम एखादा टक्काच ध्वनीत रूपांतरित होतो आणि उरलेली जवळजवळ सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते.

कॉइल जळण्याचे मूळ या उष्णतेत आहे, आणि ती वाढवण्यात लहान अ‍ॅम्प्लिफायरही मोठ्याइतकाच वाकबगार असतो. क्षमतेपलीकडे आवाज मागितला, की अ‍ॅम्प्लिफायर ध्वनिलहरीचे माथे सपाट कापतो. या क्रियेला क्लिपिंग म्हणतात. तेवढ्याच उंचीच्या गोलाकार लहरीच्या तुलनेत पूर्ण चौकोनी झालेली लहर दुप्पट शक्ती वाहून नेते. त्यातच तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे दोनशे अंशांपर्यंत तापलेल्या कॉइलचा रोध मूळच्या जवळजवळ पावणेदोन पट होतो, आवाज दबतो आणि चालक तो भरून काढण्यासाठी बटण आणखी पुढे फिरवतो. बॅटरीपासूनची वायर बारीक असेल किंवा अर्थिंगचा नट रंगावर, गंजावर आवळलेला असेल, तर क्लिपिंग आणखी लवकर सुरू होते, कारण १२ व्होल्टवर १००० वॉट शक्तीसाठी ८० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो आणि मार्गातील किंचित रोधही व्होल्टेज खाली ओढतो.

तपासणीची सुरुवात म्हणून वूफरच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून रोध मोजावा. ४ ओहमची कॉइल शाबूत असेल तर मीटरवर बहुधा ३ ते ४ च्या दरम्यानचा आकडा दिसतो, कारण ४ हा आकडा बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा असतो, तर मीटर केवळ तारेचा रोध मोजतो. मीटरच्या दोन टोकांना एकत्र टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करणे बरे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार कुठेतरी तुटली आहे आणि आकडा शून्याजवळ गेला तर वेढे एकमेकांना चिकटले आहेत. दुहेरी कॉइलच्या वूफरमध्ये दोन्ही कॉइल स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. पडदा बोटांनी हलकेच आत दाबून स्थिर धरल्यावरही आकडा उडत असेल, तर बहुधा कॉइल धडधाकट असून पडद्यापाशी जाणारी लवचीक वायर तुटत आली आहे, आणि तिचा इलाज किरकोळ असतो. दोन्ही हातांची बोटे पडद्याच्या समोरासमोरच्या कडांवर ठेवून तो सरळ दाबल्यावर खरखर जाणवली, तर मात्र उष्णतेने फुगलेली कॉइल फटीच्या भिंतीला घासत आहे. जळक्या लाखेसारखा वासही त्याच वेळी नाकाला कळतो.

मीटर योग्य आकडा देत असूनही बेस पातळ लागत असेल, तर दोन वूफरपैकी एकाच्या वायरी उलट जोडलेल्या असण्याची शक्यता तपासावी, कारण मग एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि दोघांनी हलवलेली हवा एकमेकांचे काम पुसून टाकते. दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर टेकवला, की पडदा किंचित हलतो. सेलचे धन टोक वूफरच्या धन टोकाला असताना पडदा बाहेर यायला हवा. वूफरच्या खोक्याच्या सांध्यांतून हवा निसटणे हेही असेच एक फसवे कारण आहे. वूफर दुसऱ्या, चालू असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर नीट वाजला, तर दोष त्याच्याकडे नाही हे ठरते, आणि मग फ्यूज, अर्थिंग व अ‍ॅम्प्लिफायरचा संरक्षण-दिवा यांच्याकडे वळावे.

कॉइल खरोखरच गेली असेल, पण चुंबक आणि सांगाडा शाबूत असेल, तर कॉइल-पडदा बदलून वूफर पुन्हा उभा करता येतो. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरवरचे गेनचे बटण खाली आणून, स्टिरिओचा आवाज नेहमीच्या कमाल मर्यादेवर ठेवून, ते हळूहळू वर नेत आवाज फाटण्याच्या अलीकडेच थांबावे लागते. हे बटण आवाज वाढवण्यासाठी नसून स्टिरिओकडून येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्यासाठी असते, आणि ते शेवटपर्यंत फिरवलेलेच राहिले तर नवी कॉइलही जुनीच्या वाटेने जाते.