पायाने चढविलेला पंचम

गेल्या चार-पाच वर्षांत दिवाळीचा बोनस हाती पडल्यानंतर निरनिराळे तिघे तरुण माझ्या कुम्हारीच्या ओसरीवर येऊन बसले, खिशातला मोबाइल पुढे करून त्यावरचे एका चकचकीत पेडल स्टील गिटारचे छायाचित्र त्यांनी मला दाखविले, आणि तिघांनीही जवळजवळ एकाच शब्दांत विचारले, “काका, पहिलीच म्हणून ही घेऊ का?” तिघांनाही मी चहा पाजला आणि तिघांनाही नाही म्हणून सांगितले. एवढे स्पष्ट नाही सांगण्यामागची कारणे मात्र दोन घटकांच्या भेटीत मांडता येण्याजोगी नव्हती; त्यासाठी या वाद्याचा वंशवृक्ष आणि या मुलखात त्याने घालविलेली वर्षे यांचा तपशील उलगडावा लागतो, आणि संपादकांनी या अंकात मला ती मुभा दिली आहे.

वंशवृक्षाचा आरंभीचा भाग सर्वपरिचित आहे, म्हणून तो झरझर उरकतो. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादाचा तुकडा फिरविला. 1915च्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने त्या सुरावटीचे वेड अमेरिकाभर पसरविले. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत रिकनबॅकरची ॲल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ आली आणि विजेवर चालणाऱ्या गिटारचा जन्मच मुळी मांडीवर झाला. पुढे पायपट्ट्या जोडण्याचे प्रयोग अनेकांनी केले; परंतु वेब पीअर्सच्या ‘स्लोली’ या 1954च्या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पायाने तिचा स्वर चढविला, आणि त्या दिवसापासून हे वाद्य स्वतंत्र झाले. केकुकूच्या आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक हिंदी खलाशी हवाईत असेच वाजवीत होता अशी एक कथा आहे. ती मला प्रिय आहे. तथापि तिच्या आधारावर हे सारे आपल्या विचित्रवीणेचेच लेकरू आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्या काही मित्रांशी माझे कधीच जमले नाही. विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्य यांचे मोठेपण कोणाच्या पितृत्वावर अवलंबून नाही.

आपल्या देशात हे वाद्य रुजले ते कलकत्त्यात. हवाईचे ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब 1940च्या दशकात तेथे मुक्काम करून होते. पुढे बटुक नंदी, सुनील गांगुली, नझरुलांचे पुत्र काझी अनिरुद्ध यांनी बंगाली घराघरांत हवाइयन गिटार नेऊन पोचविली. मुंबईत लखनौचे व्हॅन शिपली आणि हजारासिंग यांनी तिला चित्रपटसंगीतात बसविले. आणि कुम्हारीत? कुम्हारी हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर आहे, एवढे सांगितले की पुरे. रायपूर सोडून खारून नदी ओलांडली की गाडी आमच्या गावातून जाते. 1959 साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्यामागोमाग नागपूर-अमरावतीकडून आम्ही मराठी, आणि हावडा-खडगपूरकडून बंगाली, एकाच रुळावरून दोन दिशांनी येथे उतरलो. आम्ही पेटी-तबला आणला. त्यांनी हवाइयन गिटार आणली. भिलाईच्या सेक्टरांतील क्वार्टरांच्या व्हरांड्यांत सायंकाळी त्या गिटारचा जो आवाज येई तो ऐकत मी घरी जाणारी वाट मुद्दाम लांबवीत असे, आणि 1968च्या दुर्गापूजेनंतर एका बंगाली सहकाऱ्यापुढे जाऊन बसलो.

त्यांनी पहिल्या दिवशी गिटार हाती दिलीच नाही. त्यांनी पोलादाची दांडी दिली. गुळगुळीत, गोल, एका टोकाला गोळीसारखी निमुळती, करंगळीएवढी लांब आणि अंगठ्याहून जाड. “पंधरा दिवस ही खिशात ठेव,” ते म्हणाले, “हाताला तिचे वजन कळले की ये.” पुढे मी स्वतःची दांडी भिलाईतल्या पॉवर हाउस भागातील एका लेथवाल्याकडून स्टेनलेस सळईतून कातून घेतली, वाण्याच्या तराजूत ती दोनशे ग्रॅमला किंचित अधिक भरली. ती आजही माझ्याजवळ आहे, आणि नवख्याच्या खरेदीच्या यादीत पहिली वस्तू म्हणून मी तिचेच नाव सांगतो. हलकी दांडी तारेवर खडखडते, आणि तो दोष नंतर कोणतीही महागडी गिटार झाकू शकत नाही.

आता पेडल स्टीलच्या मुख्य प्रकरणाकडे येतो, आणि येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण माझ्या आयुष्याचा बराच भाग या एका गोष्टीत गेला आहे.

नॅशव्हिलची म्हणून जी दहा तारांची ‘ई नाइन्थ’ जुळणी सर्वत्र मान्य झाली आहे, ती इंग्रजी अक्षरांत वाचली तर गूढ वाटते. ई हा षड्ज धरा आणि वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून आपल्याकडे या: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिल्या दोन तारा तिसरीहून खालच्या स्वराच्या आहेत, हे नवख्याला प्रथम चकविते. डाव्या पायाची पहिली पट्टी दाबली की दोन्ही पंचम धैवतावर जातात. दुसरी दाबली की दोन्ही गांधार शुद्ध मध्यमावर जातात. दोन्ही एकत्र दाबा: सा-ग-प होते त्याचे सा-म-ध झाले, आणि दांडी मात्र जागची हललेली नाही. तिसरी पट्टी वरच्या षड्जाला ऋषभावर आणि त्याच्या शेजारच्या पंचमाला धैवतावर नेते. गुडघ्याच्या पट्ट्यांपैकी एक षड्जाला अर्धस्वर चढवून कोमल ऋषभ करते, दुसरी त्यालाच उतरवून शुद्ध निषाद करते; आणखी एक सहसा दुसऱ्या आणि नवव्या तारांची निगा राखते. शिवणयंत्रावर गुडघ्याने दाबपट्टी उचलणारा कारागीर ज्याने पाहिला आहे त्याला ही हालचाल परकी वाटू नये. आणि नाटकमंडळ्यांतील पायपेटीवर ज्यांचे बालपण गेले त्यांचे पाय तर निम्मे शिकलेलेच असतात.

पण खरे मर्म गांधारात आहे. उत्तम जवारीच्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार आपोआप उमटतो, तो पेटीच्या गांधाराहून खाली असतो. षड्जापासून पेटीचा गांधार 400 सेंटांवर, तर स्वयंभू गांधार सुमारे 386 सेंटांवर. ज्यांनी कधी तंबोरा पाहिलाही नसेल असे टेनेसीतील अनेक पेडल स्टील वादक तिसरी आणि सहावी तार मुद्दाम तेवढी उतरवून लावतात, कारण तीन तारा एकत्र छेडल्यावर पेटीचा गांधार थरथरतो आणि उतरविलेला गांधार विरघळतो. हे मला प्रथम कानाने कळले, पुढे पुस्तकात वाचले, आणि त्या रात्री झोप लागली नाही. म्हणूनच जे सद्गृहस्थ नवख्याला पहिल्याच दिवशी जुळणीचे यंत्र घेऊन देतात, आणि हिरवा दिवा लागला की सूर लागला असे समजावितात, त्यांच्याशी गेली कित्येक वर्षे मी भांडत आलो आहे आणि पुढेही भांडेन. यंत्र जवळ असावे, परंतु गांधार कानाने मिळवावा. तंबोऱ्यासमोर बसून तो मिळविता येईपर्यंत पेडल स्टील घेऊ नये, हा माझा पहिला आग्रह.

दुसरा आग्रह असा, की पहिले वर्ष बिनपट्टीच्या, मांडीवरच्या गिटारवर काढावे, आणि ती शक्यतो आठ तारांची असावी. साध्या स्पॅनिश गिटारच्या मेरूवर धातूचा उंच तुकडा बसवून तिची हवाइयन करण्याची युक्ती सांगणारे पुष्कळ आहेत; शिकाऊ हाताला चार महिने ती चालते, त्याहून अधिक नाही. या वर्षात हाताने मींड घ्यायला शिकावे. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर घेऊन अलीअकबर खाँसाहेबांच्या तालमीत आलाप-जोड-झाला बांधला, आणि 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर आणि बासरीच्या बरोबरीने त्या वाद्याला बसविले, त्यांच्या मींडेत पायाचा अंशही नव्हता. देबाशिष भट्टाचार्य त्यांचेच शिष्य. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला 1994 साली ग्रॅमी मिळाले तेव्हा आमच्या सेक्टरात पेढे वाटले गेले. पायाची मींड ही एका ठरलेल्या स्वरापासून दुसऱ्या ठरलेल्या स्वरापर्यंत जाते. हाताची मींड मध्येच थबकू शकते, मागे वळू शकते. हात तयार असेल तर पाय त्याला साथ देतो. हाताआधी पाय शिकलेला वादक मी पाहिला आहे. त्याच्या यमनात तीव्र मध्यम दर वेळी दार लोटल्यासारखा येत असे.

काही मंडळी म्हणतात, की हे वाद्य अमेरिकेच्या ग्रामीण गीतांचे, आपल्याला त्याचे काय? नायजेरियाच्या किंग सनी आडे यांनी आपल्या जुजू संगीतात पेडल स्टील घेतली, तेव्हा त्यांना कोणी हा प्रश्न विचारला नसावा. आणि अमेरिकेतीलच ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय धर्मपीठाच्या प्रार्थनामंदिरांत तर स्टील गिटार कित्येक पिढ्या भजनाला बसते. माझी इच्छा इतकीच होती की एखाद्या सारंगियाने ही गिटार एकदा मांडीपुढे घ्यावी. ती माझ्या हयातीत पुरी होईलसे दिसत नाही.

बरे, वर्ष काढले, गांधार मिळाला, आता घ्यायची कोणती? माझी स्वतःची गिटार न्यू जर्सीला असलेल्या मेहुण्याने तिकडूनच एका विक्रेत्याकडून जुनी म्हणून पाठविली. जकातीचा हिशेब चुकता करून पेटी घरी आली, उघडली, पट्टी दाबली. पंचम धैवतावर गेला, आणि पाय सोडल्यावर परत पंचमावर आलाच नाही, त्याच्या किंचित खाली घुटमळत राहिला. तीन आठवडे मी तारा बदलीत, खुंट्या पिळीत बसलो. दोष आतल्या एका झिजलेल्या सांध्यात होता, आणि तो सांधा कोठे मिळेना. अखेर माझी दांडी ज्याने कातली त्याच लेथवाल्याच्या मुलाने त्याची प्रतिकृती कातून दिली. म्हणून सांगतो: गिटार दुरून घ्यायची असली तरी विकणाऱ्याकडून चित्रफीत मागावी, तीत त्याने एकेक पट्टी वीस-वीस वेळा दाबून सोडावी, आणि प्रत्येक वेळी तार मूळ जागी परत येते की नाही ते डोळे मिटून ऐकावे. नंतर त्याला केवळ चौथी तार छेडायला सांगून पहिल्या दोन पट्ट्या एकत्र दाबायला सांगाव्या. षड्ज खाली सरकला तर सांगाडा ताणाखाली वाकतो आहे असे समजावे. थोडे सरकणे सर्वच वाद्यांत असते. कानाला टोचण्याइतके सरकले तर ती गिटार सोडून द्यावी.

दोन मानांची, म्हणजे ‘ई नाइन्थ’ आणि ‘सी सिक्स्थ’ अशा दोन्ही जुळण्यांची गिटार घेऊ नये. पेटीसकट तिचे वजन तीस किलोच्या घरात जाते, आणि नवखा दुसऱ्या मानेकडे दोन-तीन वर्षे फिरकतही नाही. तीन पायपट्ट्या आणि एकच गुडघापट्टी अशी जुनी शिकाऊ वाद्ये स्वस्तात मिळतात. ती घेणाऱ्याला सहाच महिन्यांत षड्ज उतरविणे आणि चढविणे या दोन्हींची गरज भासते, आणि तेव्हा ती एकच पट्टी पुरत नाही. एक मान, दहा तारा, तीन पायपट्ट्या, चार गुडघापट्ट्या: अमेरिकेतील ‘स्टेज वन’ हे नवख्यांसाठीच बांधलेले वाद्य नेमके एवढेच देते, आणि याहून कमी घेऊ नये, अधिकाची घाई करू नये. जोडीला उजव्या पायाचे व्हॉल्यूम पेडल लागतेच. त्याशिवाय तार छेडल्याचा ठोका लपत नाही. अंगठ्याची एक आणि बोटांच्या दोन नख्या, फडके, आणि तारांचे दोन जादा संच. आमच्याकडे आषाढ-श्रावणात तार गंजते ती आठवड्यात गंजते. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार वेगळी पुसावी.

ज्या व्हरांड्यांचा उल्लेख वर केला ते व्हरांडे आता काचबंद झाले. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या मिनिटांत ज्या हवाइयन गिटारच्या धुना लागत, त्यांची जागा जाहिरातींनी घेतली. पूजेच्या मांडवातील वाद्यवृंदात आज कीबोर्डवाला एक कळ दाबून ‘हवाइयन’ काढतो, आणि लोक टाळ्या देतात. त्या कळीतून निघणाऱ्या आवाजात एका स्वराहून दुसऱ्याकडे जाताना मधली वाटच नसते. कलकत्त्याच्या लालबाजारात ज्या दुकानांत पूर्वी आठ तारांच्या गिटारी टांगलेल्या असत, तेथे मागच्या खेपेला मला एक दाखविण्यासाठी पोरगा माळ्यावर चढला आणि धूळ झटकीत खाली उतरला. मला फार वाईट वाटले. मी ती घेतली.

तीच गिटार आज शेजारच्या चरोद्याच्या एका मुलीकडे आहे. आलेल्या तिघांपैकी ती एक. नाही ऐकून परत न गेलेली एकटीच. गेल्या आश्विनात तिला मी माझ्या पेडल स्टीलपुढे प्रथमच बसविले. तिने काही वाजविले नाही. पाचवी तार छेडली, पहिली पट्टी दाबली, सोडली, पुन्हा छेडली. बाहेरून मालगाडी गेली तेव्हा थांबली, आणि आवाज विरल्यावर पंचम परत आला आहे की नाही ते पुन्हा ऐकू लागली.