बॉनेटला दोन पिना कशाला?

शर्यतीच्या मोटारींची चित्रे पाहताना एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. पुष्कळ मोटारींच्या बॉनेटवर, पुढच्या दोन कोपऱ्यांजवळ, धातूच्या दोन पिना वर डोकावत असतात आणि प्रत्येकीत एक तारेचा चाप अडकवलेला असतो. हा काही शोभेचा दागिना नव्हे.

अमेरिकेत मोटारीचे मूळचे पोलादी बॉनेट काढून त्या जागी दुसऱ्या कारखान्याचे फायबरग्लासचे हलके बॉनेट बसवण्याचा छंद पुष्कळांना आहे. (आपल्याकडे मोटारीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर कायद्याची बंधने आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.) या पिनांची खरी गरज अशा बॉनेटला पडते. का, ते पाहण्यासाठी आधी एक सोपा प्रयोग करा.

पुठ्ठ्याच्या कव्हराची वही टेबलपंख्यासमोर ठेवा. वहीचा शिवलेला कणा पंख्यापासून दूर असू द्या. आता पंख्याकडची कव्हराची कड बोटाने जराशी उचला. वारा आत शिरतो आणि कव्हर फटकन उलटते. वही फिरवून कणा पंख्याकडे करा. आता कव्हर थोडे उचलून सोडले, तर वाराच ते खाली दाबतो.

बहुतेक मोटारींच्या बॉनेटची बिजागरी मागे, काचेजवळ असते. म्हणजे वहीची पहिली स्थिती. भारतात बनलेल्या जुन्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीची रचना नेमकी उलट होती. तिचे बॉनेट पुढच्या बाजूला टेकू घेऊन पुढे कलत असे. ते समजा सैल झालेच, तरी वारा त्याला मिटवायलाच बघणार!

वाऱ्याचे हे बळ किती? थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम. हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, असे केले की दर चौरस मीटरला सुमारे ४७० न्यूटन दाब येतो. बॉनेट एक चौरस मीटरचे धरले, तर हे बळ सुमारे ४८ किलोग्रॅम वजनाइतके झाले. वेग दुप्पट झाला की ते चौपट होते, म्हणजे १९० किलोग्रॅमच्या घरात जाते. बॉनेट बंद असताना यातला काही अंशच त्याला उचलत असतो. पण ते उघडून वाऱ्यासमोर उभे राहिले की जवळजवळ सगळा भार त्याच्यावर येतो. मग ते काचेवर आदळते आणि ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसेनासा होतो. म्हणूनच अमेरिकेत १९६९ पासून अशा बॉनेटला दुसरी, राखीव पकड असणे नियमाने सक्तीचे आहे.

वारा बॉनेटला सगळीकडे सारखा उचलत नाही. मोटारीच्या नाकावरून वळताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब घटतो. उलट काचेच्या पायथ्याशी हवा अडते व दाब वाढतो. मोटारीत ताजी हवा घेण्याची जाळी तिथे असते ती याचमुळे. शिवाय रेडिएटरमधून घुसलेली हवा बॉनेटला खालून ढकलते. सारांश, ओढ पुढच्या कडेला. आणि लॉक असते तिथे मधोमध, एकच.

पोलादी बॉनेटला एक लॉक पुरते. त्याच्या पोटाशी घड्या घातलेल्या पत्र्याची चौकट जोडलेली असते, त्यामुळे मध्ये धरले की कोपरेही धरले जातात. स्वस्त फायबरग्लासच्या बॉनेटात ही चौकट पुष्कळदा दुबळी असते. कोपरे वाऱ्यावर फडफडतात, दर फडफडीला लॉकच्या आकड्याभोवतीचा भाग वाकतो, आणि शेकडो वेळा वाकल्यावर तिथे तडा जातो. म्हणून पिना कोपऱ्यांवर. अर्थात जुने लॉक काढायचे नाही. तेही राहू द्यायचे.

आता गंमत पाहा. चापाची तार तीन मिलिमीटर जाडीची असली, तरी ती कापायला काही हजार न्यूटन बळ लागेल. तार सहसा तुटत नाही. फाटते ते भोक! म्हणून भोकाभोवती धातूची रुंद चकती बसवतात. तेच बळ दसपट क्षेत्रावर पसरले की दाब दहावा हिस्सा होतो. पिनेचे दुसरे टोकही रेडिएटरवरच्या भक्कम पोलादी आडपट्टीत, वरून आणि खालून नट आवळून बसवावे लागते. पातळ पत्र्यात बसवलेली पिन ही पिन नसल्यासारखीच.

भोक नेमके कुठे पाडायचे? कुशल मेकॅनिक पिनेच्या टोकाला थोडे ग्रीस लावतो आणि बॉनेट हळूच टेकवतो. आतून ठिपका उमटतो, तीच जागा. भोक पिनेपेक्षा किंचित मोठे ठेवतात, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने पिन कडांना घासत राहते. भोक पाडताना उडणारी काचतंतूंची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून नाकातोंडावर मास्क हवाच.

पंखा अजून चालू असेल, तर वहीचे पातळ कागदी कव्हर घेऊन पंख्याकडच्या कडेला मधोमध एकच चिमटा लावा आणि कोपऱ्यांकडे पाहा. मग तो काढून दोन्ही कोपऱ्यांना एकेक लावा.