मूळ रणसाज आणि त्याचे स्वस्त पर्याय : एक पद्धतिविचार

गतकाळातील युद्धप्रसंग तत्कालीन वेशात व सामग्रीनिशी पुन्हा साकार करणारी हौशी मंडळे ब्रिटनमध्ये व इतर पाश्चात्त्य देशांत आहेत. मूळ सामग्री दुर्मिळ व महाग झाल्यामुळे स्वस्त पर्यायांचा प्रश्न त्यांच्यापुढे नित्य उभा राहतो. वरवर पाहता हा खर्चाचा प्रश्न होय. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा आहे. मूळ वस्तूचा कोणता गुण राखावयाचा व कोणता सोडावयाचा, हे येथे ठरवावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पायदळाचे उदाहरण घेऊ. जाड सुती पट्ट्यांचा '१९३७ पॅटर्न' साज हा सैनिक वापरीत असे; इटलीच्या मोहिमेतील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणींचा साजही याच धर्तीचा होता. छातीवरील दोन पिशव्यांचे आकारमान ब्रेन बंदुकीच्या मॅगझिन मावतील अशा बेताने ठरविलेले होते. युद्धोत्तर काळात बेल्जियमच्या सैन्यासाठी याच नमुन्यावर साज तयार झाला. त्याची छटा निराळी असली, तरी ती मोठी अडचण नव्हे. कारण मूळ सैनिकही आपला साज ब्लँको नावाच्या रंगीत लेपाने लिंपीत असत. छटेचा भेद लेपाखाली झाकतो, आकाराचा झाकत नाही.

गणवेशाची गोष्टही अशीच आहे. १९४९ च्या नमुन्याच्या बॅटलड्रेसचा गळा उघडा आहे, तर युद्धकाळातील सामान्य सैनिकाचा बंद असे. शिंप्याकडून हा फरक पुष्कळसा दूर करता येतो. कापड लोकरी सर्जच असल्यामुळे त्याचे वजन व भिजल्यावर येणारा जडपणा यांचा अनुभव खरा राहतो. कृत्रिम धाग्याचे कापड दुरून हुबेहूब दिसेल; परंतु त्या अनुभवाविषयी ते खोटी साक्ष देईल.

याउलट, अस्सल वस्तूही अप्रस्तुत ठरू शकते. '१९४४ पॅटर्न'चा हलका साज जंगलयुद्धासाठी योजिलेला होता. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकाच्या अंगावर तो कालविपर्यास होय. शिवाय मूळ नमुनाही स्थिर नव्हता. १९४२ पासून काटकसरीसाठी बॅटलड्रेसची बटणे झाकणारी पट्टी व खिशांच्या चुण्या गाळण्यात आल्या. स्वस्त पर्याय शोधण्याची गरज मूळ उत्पादकांनाही चुकली नव्हती.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जतनाचा आहे. अनेक मूळ वस्तूंवर निर्मात्याचे नाव व वर्ष छापलेले आढळते. वापराने शिवण उसवते, घामाने कापड कुजते आणि नव्या लेपाखाली ते छाप दिसेनासे होतात. हौसेपायी पुरावाच नष्ट होतो. म्हणून पर्यायी वस्तू ही केवळ गरिबाची तडजोड नव्हे, तर मूळ साधनाचे संरक्षणही आहे. मात्र ती पर्यायी आहे हे प्रेक्षकांना स्पष्ट सांगावे व वस्तूवरही नोंदवावे. अन्यथा आजची प्रतिकृती उद्या संग्रहालयात अस्सल म्हणून दाखल होईल, आणि पुढील संशोधक तिच्यावरून चुकीचा निष्कर्ष काढील.